कमानीची गोष्ट: जुना ट्रक खाली बसवायचा, पण कसा?

प्रश्न : काका, नमस्कार. मी ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. १९७० सालची शेवरोले सी-१० पिकअप घेतली आहे. लांब हौदा, ३५० व्ही-एट इंजिन, पॉवर स्टेअरिंग, चारही चाकांना ड्रम ब्रेक. ताशी साठ मैलांच्या पुढे गेलं की गाडी डावी-उजवीकडे भरकटते, वळणावर झुकते, आणि हौदा रिकामा असला की खड्ड्यात मागचा भाग बाजूला उडतो. शिवाय ती थोडी खाली बसलेली मला आवडेल. एक दुकानदार म्हणतो पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे फ्रेममधली आडवी तुळई, काढून नवा घाला आणि कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) लावा. दुसरा म्हणतो एअर बॅग, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या. मित्राचं मत, आखूड स्प्रिंग टाक, स्वस्तात भागेल. माझ्याकडे तीन हजार डॉलर आहेत. गाडी शनिवार-रविवारी चालते, बागेची माती, लाकूड आणायला. वर्षातून एकदा मंडळाच्या गणपतीची मिरवणूक याच हौद्यातून निघते. काय घेऊ?
– एक वाचक, टेक्सस

उत्तर : तुमच्या पत्रातला कामाचा मजकूर अगदी शेवटी आला आहे. माती, लाकूड आणि गणपती. म्हणजे या गाडीला शर्यतीत उतरायचं नाही, ओझं वाहायचं आहे, आणि वर्षातून एक दिवस माणसाच्या चालीने, न हिंदकळता चालायचं आहे. पहिल्या दुकानदाराने हे विचारलं होतं का? विचारलं नसेल तर त्याने तुमच्या गाडीचं नाही, त्याच्या फळीवरच्या मालाचं उत्तर दिलं. क्रॉसमेंबर बदलून कॉइलओव्हर हे वाईट काम नाही, पण तीन हजारांत ते नीट होत नाही, आणि अर्धवट झालेलं तसलं काम माझ्या दारात बरेचदा येतं.

आधी काही विकत न घेता एक सकाळ गाडीखाली घालवा. भरकटणं आणि झुकणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. भरकटण्याचं कारण बहुधा कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, नसतं, सांध्यांत असतं. जॅक फ्रेमला न लावता खालच्या आर्मला (चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या हलत्या भुजेला), जितका चाकाजवळ जमेल तितका लावा. या गाडीत स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर असतो, त्यामुळे फ्रेम उचलली तर आर्मच्या टोकाचा खालचा बॉल जॉइंट ताणलेलाच राहतो आणि त्यातली ढिलाई दिसत नाही. चाक वर-खाली हलवा, आडवं हलवा, टायरखाली पहार घालून उचलून बघा. मग एकाला स्टेअरिंग थोडंथोडं फिरवायला सांगा आणि खाली आयडलर आर्म, पिटमन आर्म हे स्टेअरिंगचे दांडे आणि स्टेअरिंग शाफ्टवरचा रबरी जोड बघत राहा. चाक हलायच्या आधी स्टेअरिंग किती फिरतं ते कळेल. पंचावन्न वर्षांची रबरं आहेत ती. आर्मचे बुश (सांध्यातली रबरी नळकांडी) फाटले असतील तर ब्रेक मारला की चाक मागे सरकतं, आणि तुम्हाला वाटतं रस्ताच खराब आहे.

हे सगळं नवं करायला पैशांचा चांगला वाटा जाईल. जाऊ द्या. बुश रबराचेच घ्या. पॉलीयुरेथेनचे लाल-काळे बुश दुकानात चकचकीत दिसतात, पण आर्मला लावले की ग्रीस सुकल्यावर किरकिरतात, आणि टेक्ससच्या धुळीत ते लवकर सुकतं. अँटी-रोल बारच्या (वळणावरचं झुकणं कमी करणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंकला लावा हवं तर, तिथे ते शोभतात.

सांधे झाले की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. कंपनीच्या जुन्या पुस्तकातले आकडे तसेच लावू देऊ नका. ते त्या काळच्या बायस-प्लाय टायरसाठी लिहिलेले आहेत, तुमच्याकडे रेडियल असणार. पॉवर स्टेअरिंग आहे, तर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) तीन अंशांच्या वर, जमेल तितका, दोन्ही बाजूंना सारखा मागा. वरच्या आर्मच्या शाफ्टमागे पातळ पत्र्याचे शिम असतात, त्यांच्यानेच तो बसतो. मशीनवरचा पोरगा ‘एवढा बसणार नाही’ म्हणाला तर शिम हलवायचा त्याला कंटाळा आहे असं समजा. सी-१० ची भरकट मी फक्त एवढ्यावर बरी झालेली पाहिली आहे.

आता खाली बसवण्याचं. मित्राच्या आखूड स्प्रिंगला माझा विरोध आहे, आणि स्वस्त म्हणजे गॅसने तापवून किंवा कापून आखूड केलेली असेल तर सक्त विरोध. मिरजेला वडिलांचं कमानपाट्यांचं, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, दुकान होतं. तिथे कुणी पाट्याला गॅस कटर लावला तर वडील तो पाटा उचलून भंगारात टाकत. आच लागली की पोलादाचं पाणी उतरतं, मग ती कमान राहत नाही, नुसता लोखंडाचा तुकडा उरतो. कारखान्यात बनलेली आखूड स्प्रिंग तशी नसते, पण तिचाही एक हिशोब आहे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला साधारण एकदा झुलते, आणि ती चाल अंगाला सोसवते. तेच दबणं ६ सेंटिमीटरवर आलं की सेकंदाला दोन झोके, आणि रस्त्याचा प्रत्येक जोड पाठीत कळतो. आखूड स्प्रिंगची गाडी बंप स्टॉपरवर (चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आदळू नये म्हणून स्प्रिंग कडक करावीच लागते. शिवाय आर्म तिरपे होतात आणि चाकाची चाल संपत येते.

म्हणून पुढे ड्रॉप स्पिंडल घ्या. त्यात चाकाचा दांडा बॉल जॉइंटच्या मानाने अडीच इंच वर सरकवलेला असतो. गाडी अडीच इंच खाली येते, पण स्प्रिंग मूळची, आर्मचा कोन मूळचा, चाल मूळची. या एका भागावर मी डोळे झाकून पैसे घालीन. शिवाय शेवरोलेने १९७१ पासून या ट्रकला पुढे डिस्क ब्रेक दिले, आणि बहुतेक ड्रॉप स्पिंडल त्या डिस्कसाठीच बनतात, म्हणजे ब्रेकचंही काम होतं. मात्र इथे लोक अडकतात, म्हणून नीट वाचा. तुमच्या १९७० च्या चाकाला सहा नट आहेत, १९७१ च्या सी-१० ला पाच. किट न बघता मागवलं तर पुढे पाच आणि मागे सहा नटांची गाडी घेऊन बसाल. सहा नटांचे रोटर (डिस्क ब्रेकच्या तबकड्या) मिळतात, ते मागा, किंवा मागचे ॲक्सल शाफ्टही बदला. चाक किमान १५ इंची लागेल. पेडलचा दाब चाकांकडे पाठवणारा मास्टर सिलिंडर डिस्क-ड्रमचा, आणि मागच्या ब्रेकचा दाब बेतात ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह हवाच. ड्रमचा जुना मास्टर ठेवला तर डिस्क घासत राहतात.

मागच्या बाजूला तुमच्या गाडीत पाटे नाहीत. केबिनखालून दोन लांब आर्म ॲक्सलपर्यंत जातात आणि त्यांच्यावर कॉइल स्प्रिंग बसते. ही रचना जुनाट म्हणून काढून टाका असं कुणी सांगेल. त्याला सांगा, नॅसकार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या सगळ्यात वरच्या मालिकेतल्या गाड्या २०२१ च्या हंगामापर्यंत याच धाटणीच्या आर्मवर ताशी दोनशे मैलांच्या आसपास पळत होत्या. तुमच्या मागचा भाग उडतो, त्याचं मूळ बहुधा थकलेल्या शॉकअपमध्ये आणि पॅनहार्ड रॉडच्या बुशमध्ये आहे. हा आडवा रॉड फ्रेमला आणि ॲक्सलला जोडतो आणि ॲक्सलला बाजूला सरकू देत नाही. तो आखूड आहे, त्यामुळे गाडी खाली आणली की त्याचा कोन बदलतो आणि अख्खा ॲक्सल एका बाजूला जातो. मागून पाहिलं तर एक चाक हौद्याच्या आत आणि दुसरं बाहेर. लांबी बदलता येणारा रॉड घ्या, खर्च फार नाही.

मागे तीन, फार तर चार इंच खाली. त्याच्या पुढे जायचं तर ॲक्सल फ्रेमला लागू नये म्हणून फ्रेमला अर्धगोल खाच पाडून वेल्डिंग करावं लागतं. टेक्ससमध्ये २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली आहे, म्हणजे ते वेल्डिंग कसं झालंय हे बघणारं सरकारी माणूसही नाही. मुलांना बाकावर बसवून जाणार असाल तर खाच नको. उंचीला बेतलेले छोटे शॉकअप मात्र हवेतच. मूळ लांबीचा शॉकअप खाली आणलेल्या गाडीत आतून आपटतो, आणि लोक दोष स्प्रिंगला देतात.

आणि गणपती. त्यासाठी अख्ख्या गाडीला एअर बॅग कशाला? मागच्या कॉइलच्या आत बसणाऱ्या रबरी हवेच्या पिशव्या मिळतात. एरवी कंपनीने सांगितलेली किमान हवा, मूर्ती आणि पोरं चढली की थोडी जास्त. दोन्ही पिशव्यांना वेगळी नळी द्या. एकाच नळीवर ठेवल्या तर वळणावर एकीतली हवा दुसरीत जाते आणि मूर्ती अजून कलते. झुकणं उरलंच तर पुढे अँटी-रोल बार. त्या काळच्या कित्येक सी-१० तो न घेताच कारखान्यातून निघाल्या. तुमच्याकडे आहे का ते आधी वाकून बघा.

पैसे पुरले नाहीत तर मागचं खाली बसवणं पुढच्या वर्षावर टाका. सांधे, अलाइनमेंट आणि ब्रेक मात्र याच वर्षी.

प्रश्न : माझ्याकडे त्याच काळातली जीएमसी पिकअप आहे, मागे पाटे. शेवरोलेसारखी कॉइलवर घेऊ का?
– एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : नको. पाटा एकाच वेळी कमान, आर्म आणि पॅनहार्ड रॉड अशी तिन्ही कामं करतो. कडक वाटत असेल तर पाटे मोजा. आधीच्या मालकाने ओझ्यासाठी जादा घातलेले असतात. ते काढा, उरलेले सुटे करून गंज घासा, बुश बदला. कॉइलचं किट त्यानंतरही हवंसं वाटलं तर पुन्हा लिहा.

प्रश्न : दादा, आजोबांची १९६८ ची विलीज जीप आहे, पेट्रोल. रोज मळ्यात जाते. पाटे बदलून चार इंच उंच करायची आणि नवा ‘व्हीए’ (विंटेज गाडीचा) नंबरही घ्यायचा विचार आहे. दोन्ही एकदम करू का?
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : दोन्ही एकदम होणार नाही, आणि माझ्या मते तुम्हाला दोन्हींची गरज नाही.

केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी, आणि मूळ रूपात, म्हणजे चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली. नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. पण अशी गाडी रोज रस्त्यावर चालवायची परवानगी नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, तेल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. तुमची जीप तर रोज मळ्यात जाते. नंबर घेतलात तर आजोबांची जीप शेडमध्ये बसेल आणि तुम्ही मोटारसायकलवर. जुनी नोंदणी चालू असेल तर तीच सांभाळा.

चार इंच उंचीचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलं. कायदा बाजूला ठेवला तरी विलीजचा व्हीलबेस ८० इंच. एवढ्या आखूड गाडीला चार इंच उचललं की प्रोपेलर शाफ्टचा (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, त्याच्या सांध्यांतले क्रॉस झिजतात, आणि बांधावर गाडी कलंडायला वेळ लागत नाही.

त्यापेक्षा मूळ पाटे उतरवून ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) किंवा सांगलीच्या चांगल्या कमानवाल्याकडे द्या. बसलेल्या पाट्यांना पुन्हा गोलाई आणि पाणी द्यायला सांगा, मोडलेला तेवढाच बदला, सेंटर बोल्ट नवा घाला. जादा पाटा घालू नका, कितीही आग्रह झाला तरी. जुन्या विलीजच्या शॅकलला (पाट्याचं टोक फ्रेमला टांगणाऱ्या झुलत्या दुव्याला) आट्यांचे बुश असतात, त्यांतले काही उलट्या आट्यांचे. जोर लावण्याआधी आटे बघा, नाहीतर मिस्त्री पान्याला पाइप लावून ते मोडेल. ग्रीस निपलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट आज आवळले तरी पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. तेव्हा पाटे जागेवर बसलेले असतात आणि नट हमखास अर्धा आटा घेतो.