उन्हाळ्यापूर्वी जुन्या मारुती 800 च्या इंजिनाची घरगुती देखभाल

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी : गाडी 1996 ची, कार्ब्युरेटरची मारुती 800, थंडीचे तीन महिने ती फक्त सकाळी घर ते बाजार एवढीच फिरली, आता सोलापुरात नवी पेठेच्या गर्दीत तापमानाचा काटा वर चढतो आणि पुणे रस्त्याला लागले की खाली येतो, रेडिएटरमध्ये आजवर बोअरचे पाणी घातले गेले, ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर पांढरा थर दिसला, आणि तो पाहून गॅरेजमध्ये हेड गॅस्केट (इंजिनाचे वरचे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) गेल्याचे सांगण्यात आले. माझ्या मते हेड खोलण्याचा निर्णय आत्ताच घेऊ नये. सोलापूरच्या थंडीत इंजिनात काही गोठत नाही. नुकसान होते ते छोट्या फेऱ्यांमुळे आणि ओढून ठेवलेल्या चोकमुळे (थंड इंजिन सुरू करताना कार्ब्युरेटरमध्ये जाणारी हवा कमी करणारी पट्टी). खरी परीक्षा पुढे एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आहे, म्हणून आत्ताची बहुतेक मेहनत कूलिंगवर खर्च करावी.

आधी त्या थराविषयी. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा थोडा अंश पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या ऑइल असलेल्या तळभागात) उतरतो. इंजिन पूर्ण तापले तर ही वाफ निघून जाते. पण दोन-तीन किलोमीटरवर गाडी बंद होत असेल, तर ती वरच्या थंड झाकणाखाली साचते आणि ऑइलमध्ये मिसळून तसा थर धरते. झाकण पुसून घ्या, गाडी मोहोळपर्यंत सलग नेऊन आणा आणि पुन्हा पाहा. डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी मोजण्याच्या पट्टीवरचे) ऑइल स्वच्छ असेल, रेडिएटरमधील पातळी घटत नसेल आणि थर पुन्हा आला नाही, तर गॅस्केट निर्दोष मानायला हरकत नाही. गॅस्केट खरोखर गेले असेल तर डिपस्टिकवरही ऑइल दुधाळ दिसते, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबत नाहीत, आणि थंड इंजिन सुरू करताच वरचा होज कडक होतो.

याच वेळी चोक तपासा. जुन्या गाड्यांत चोकची केबल गंजून अर्धवट अडकते. डॅशबोर्डवरचा दांडा आत गेलेला दिसतो, पण कार्ब्युरेटरच्या तोंडावरची पट्टी पूर्ण उघडत नाही. मग हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त राहते, प्लग काळे पडतात आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइल न घालताही पातळी वाढली असेल, तर किलोमीटर मोजत न बसता ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, अर्थात केबल मोकळी करून झाल्यावरच. ऑइलची श्रेणी मॅन्युअलप्रमाणे ठेवावी. जास्त घट्ट ऑइल घातल्याने तापणारे इंजिन थंड होते, हा समज निराधार आहे. काही जुन्या एअर क्लिनरवर उन्हाळा-हिवाळ्याची पट्टी असते. तुमच्या गाडीला ती असेल तर उन्हाळ्याच्या बाजूला वळवावी, अन्यथा एक्झॉस्टजवळची गरम हवाच आत येत राहील.

आता मुख्य काम. गर्दीत काटा चढणे आणि वेगात उतरणे या लक्षणाचा पहिला संशय पंख्यावर जातो, कारण वेगात वारा आपोआप मिळतो आणि गर्दीत तो पंख्यालाच द्यावा लागतो. उलट, मोकळ्या रस्त्यावर काटा चढत असता तर रेडिएटर आतून तुंबल्याचा किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) नीट न उघडल्याचा संशय अधिक आला असता. इग्निशन चालू ठेवून, हात आणि कपडे पात्यांपासून दूर ठेवून, पंख्याच्या तापमान स्विचच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडाव्यात. पंखा फिरला तर दोष स्विचचा. नाही फिरला तर फ्यूज, जोडण्या आणि शेवटी मोटर, या क्रमाने जावे. रेडिएटरच्या जाळीत बाहेरून अडकलेला धुरळा आणि उसाचे पाचट इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या धारेने काढावे, नाहीतर जाळीची बारीक पाती वाकतात.

पंखा दुरुस्त झाला तरी बोअरच्या पाण्याचा प्रश्न उरतोच. आपल्याकडचे हे पाणी कठीण असते; गीझरच्या कॉइलवर जसा चुन्याचा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, शिवाय त्यातील क्षारांमुळे ॲल्युमिनियमचे हेड खाल्ले जाते. इंजिन पूर्ण थंड असताना, आणि केवळ तेव्हाच, रेडिएटरचे झाकण काढून खालून पाणी सोडावे. हीटरची खिटी गरम बाजूला ठेवून रेडिएटर फ्लश डब्यावरच्या सूचनेप्रमाणे वापरावा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. या कामाला पाणी बरेच लागते, म्हणून ते नळाला पाणी येण्याच्या दिवशीच काढलेले बरे. एक इशारा : फार जुन्या रेडिएटरमधील बारीक छिद्रे कधी कधी त्या चुन्यानेच बुजलेली असतात आणि धुतल्यावर गळू लागतात. तसे झाले तर गळती बंद करणारी पूड न टाकता रेडिएटर कारागिराकडून उघडून साफ करून घ्यावा.

भरताना पातळ न केलेले कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचे द्रव) आणि बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घ्यावे. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र करू नयेत. झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करावे आणि हवा निघून पातळी स्थिर होईपर्यंत भरत राहावे. रेडिएटरचे झाकणही नवे घ्या. ते दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 0.9 किलोचा दाब धरून ठेवते तेव्हा साधे पाणीसुद्धा जवळपास 118 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालेले झाकण हा फायदा घालवते. जुने कूलंट गटारात किंवा अंगणात सांडू नये. ते गोडसर आणि विषारी असल्याने जनावरे चाटतात.

होज दाबून पाहा. भेगा असतील किंवा फुगले असतील तर बदला. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र दिसायला बऱ्या असल्या तरी बदलाव्यात, कारण आता पंपावरील पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या काळचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते. नवी नळी इथेनॉलला टिकणारी घ्या आणि एक्झॉस्टपासून लांबून न्या. बॅटरीतील पाण्याची पातळी आणि फॅन बेल्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्याचा ताण पाहण्यास काही मिनिटे पुरतात. तुमच्या गाडीत रेडिएटरचा पंखा विजेवर असला तरी पाण्याचा पंप पट्ट्यावरच चालतो, हे ध्यानात असू द्या. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल, तर ते एक काम घरी न करता जाणकार मेकॅनिकला द्यावे.

हे सर्व झाल्यावर दुपारच्या उन्हात तुळजापूरच्या घाटापर्यंत जाऊन या आणि परतताना गर्दीतून गाडी आणा. घाटात काटा चढला तर रेडिएटर, गर्दीत चढला तर पंख्याची जोडणी पुन्हा तपासा; दोन्ही ठीक असूनही कूलंट कमी होत असेल, तर मग गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट (कूलिंगमध्ये दाब देऊन गळती शोधण्याची चाचणी) करून घ्या आणि तिचा निकाल पाहूनच हेडला हात लावू द्या.