चार खाचांचा गोल नट कुठल्या पान्यानं खोलायचा? छन्नी चालेल का?

छन्नी चालत नाही. आमच्या दाजींना हे मी 1998 पासून सांगतोय, आता तुम्हालाही सांगतो.

गाडी कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत. ‘क्लचच्या मधोमध आहे, बाहेरून गोल, चार खाचा, साधा पाना बसत नाही’ एवढंच लिहिलंय. मी जुनी बजाज चेतक स्कूटर धरून चालतो, कारण आमचं घोडं तिथंच पेंड खाल्लं होतं.

आप्पा रोज खानापूरहून बेळगावला चेतकवरून यायचे. क्लच सरकायला लागला, ॲक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं ओरडायचं. प्लेटा बदलायच्या, एवढंच काम. मी तेव्हा आयटीआय संपवून उद्यमबागला एका वर्कशॉपात लेथवर होतो, दाजींचं स्वतःचं गॅरेज. रविवारी दाजींनी मागचं चाक काढलं, झाकण खोललं आणि आत हा नट. गॅरेजात सगळे पाने होते, ह्याचाच नव्हता. म्हटलं, दाजी, उद्यापर्यंत थांबा, मी वर्कशॉपात करून आणतो. “त्याला काय होतंय रे, दोन टोले हाणलो की सुटतंय.”

छन्नी खाचेत तिरकी धरली. पहिल्या टोल्याला खाचेची कड फुलली. दुसऱ्याला छन्नी घसरली. हेल्पर पोरगा कन्नडमधनं “निल्री, निल्री”, थांबा थांबा, म्हणतोय तोवर तिसरा बसला आणि नट सुटला. हो, सुटला. तेवढंच दाजी आजपर्यंत सांगत फिरतात.

पुढचं मी सांगतो. नवा नट दोन आट्यांवर जाऊन अडकला. चेतकचा क्लच थेट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या, टोकावर बसतो, म्हणजे छन्नीनं चेपले ते क्रँकचेच आटे. आटे पाडायची डाय फिरवून बघितली, नट बसला, पण आवळताना आटे सोलून निघाले. क्रँक बदलायचा म्हणजे इंजिन दुभंगायचं. प्लेटांच्या कामाला तीन आठवडे गेले. आप्पा बसनं जात होते. दाजींना अवाक्षर बोलले नाहीत, जावई पडले ना. मला म्हणाले, “तू तिथंच हुबा होतास नव्हं?”

आणि जोर लावायची तशी गरजच नव्हती. नटाखाली लॉक वॉशर असतो, त्याचा एक कान खाचेत दुमडलेला असतो. तो आधी सरळ करायचा. दाजींनी केला नव्हता. तुम्ही बघितलात का? जोडताना वॉशर नवाच घाला, दुमडलेला कान पुन्हा दुमडला की तुटतो.

पाना म्हणजे चार दातांचं सॉकेट, मधे पोकळ, शाफ्टचं टोक आत जाईल असं. बाजारात गाडीचं नाव सांगून मागा, तयार मिळतं. मी मात्र केलं. व्हर्नियरनं नटाचा बाहेरचा-आतला व्यास, खाचेची रुंदी आणि खोली घेतली. जुनं जाड सॉकेट तापवून नरम केलं, तोंड लेथवर साफ केलं, चार दात सोडून बाकीचं हॅकसॉनं कापलं आणि कानशीनं खाचेत जेमतेम जाईल इतकं घासलं. मग लाल करून तेलात बुडवलं. घाईत पाणी उतरवायचं, म्हणजे परत थोडं तापवून ठिसूळपणा घालवायचं, राहिलं आणि पहिल्याच झटक्याला एक दात काचेसारखा उडाला. दुसऱ्या वेळी दात चकाकवून, परत मंद तापवून निळसर रंग येईपर्यंत थांबलो. तो पाना अजून शाबूत आहे.

दात सैल असेल तर ते सॉकेट छन्नीचाच भाऊ. फिरवताना तळहातानं आत दाबून धरायचं.

नटाबरोबर क्रँकही फिरतो, तो अडवावा लागतो. दोन गिअरच्या दातांत तांब्याचा तुकडा अडकवतात, किंवा क्लच धरायचं टूल येतं. प्लगच्या भोकातून दोरी घाला असं कुणीतरी सांगेल. टू-स्ट्रोकमध्ये घालू नका, सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात, पोर्टात, अडकते.

आता, तुमचा नट हँडलच्या दांड्यावरचा असेल तर वरचं सगळं विसरा, तिथं सी पाना, इंग्रजी C सारखा वाकडा, लागतो. आणि सायकलच्या पायडलच्या ॲक्सलला, चेनच्या बाजूची वाटी असेल तर साधारण उलटे आटे असतात, जोर लावायच्या आधी ते बघा. चेतकला सरळच आहेत. आणि नट टाकूनच द्यायचा असेल, शाफ्टचं टोक खाचांपासून दूर, आत असेल, तर छन्नीनं मीही दोनदा काढलाय. दाजींना सांगू नका.

पाना मी तुम्हाला पाठवला असता. पण गेल्या गणपतीपासून तो दाजींच्या गॅरेजात आहे. मागितला की म्हणतात, “आठवड्याला दोन चेतक येतात रे, थांब की जरा.”