पेटीतली दुपटी, डांबरगोळ्या आणि बाळाची कावीळ

दादा, बाळ तीन दिवसांचं, बिलिरुबिन (काविळीचा पिवळेपणा आणणारा रक्तातला घटक) १६, जी६पीडी (लाल पेशींतलं एक एन्झाइम) कमी असल्याचा रिपोर्ट. डॉक्टर लाइटखाली ठेवू म्हणतायत आणि विट्याच्या आजी म्हणतात, कोवळं ऊन दाखवा, उतरेल आपोआप. कुणाचं ऐकू, असं विचारलंत. डॉक्टरांचं ऐका, आणि आजच.

मी डॉक्टर नाही. माझ्या थोरल्याला हेच आहे, तो आता सातवीत आहे, त्या अनुभवावर लिहितेय.

त्याच्या वेळी मी माहेरी, सांगलीजवळ. पहिले काही दिवस बाळाला नवं कापड नको, जुनं मऊच हवं, म्हणून आईने माझ्या भावाची झबली-दुपटी पत्र्याच्या पेटीतून काढली. वर्षानुवर्षं डांबरगोळ्यांत राहिलेली. एकदा धुतली, तरी वास होताच. खोली बंद, अंधारी, शेक-शेगडी चालू. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या त्याला ओसरीवर घेऊन गेली तेव्हा दिसलं, तळपायापर्यंत पिवळा. मिरजेला पोचलो तेव्हा आकडा २२. तिथल्या सिस्टरांनी दुपटं नाकाशी धरलं आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मला तेव्हा रागच आला होता.

कारण नंतर कळलं. हे जी६पीडी एन्झाइम लाल पेशींना एक प्रकारच्या गंजण्यापासून वाचवतं. ते कमी असलं की डांबरगोळीतल्या नॅफ्थलिनसारख्या गोष्टींनी पेशी भराभर फुटतात. फुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन तयार होतं आणि नवजात यकृताला ते बाहेर टाकणं झेपत नाही. तेल चोपडलेल्या अंगात नॅफ्थलिन जास्तच मुरतं, आणि आमच्याकडे तर दोन वेळा मालिश. पण एक सांगते, काहीही निमित्त न होताही या बाळांची कावीळ वाढू शकते. तेव्हा घरात कुणाला बोल लावत बसू नका.

बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूत उतरतं. ते नुकसान भरून येत नाही, ऐकू येणंसुद्धा जाऊ शकतं. म्हणून १६ हा आकडा नुसता बघायचा नसतो, बाळ किती तासांचं आहे ते धरून बघतात, आणि जी६पीडी कमी असेल तर इतर बाळांपेक्षा आधीच लाइट सुरू करतात. निळा प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतो, मग ते यकृताची वाट न बघता शी-शूतून जातं. उन्हात तेवढा नेमका प्रकाश मिळत नाही. उघडं बाळ एकतर गारठतं नाहीतर भाजतं, आणि मुख्य म्हणजे वेळ जातो. लाइटखाली डोळ्यांवर पट्टी आणि अंगावर फक्त लंगोट बघून वहिनी रडतील, मीही रडले. दर दोन-तीन तासांनी पाजायला मात्र उठवायचंच. माझ्या मुलाचं रक्त बदलायची तयारी ठेवली होती, पण दुहेरी लाइटवर निभावलं.

घरी आल्यावर बाळ दूध ओढेनासं झालं, ढिलं पडलं, चिरक्या आवाजात रडायला लागलं किंवा पाठीची कमान करायला लागलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

पेट्या-कपाटांतल्या गोळ्या घराबाहेर काढा, बाथरूममधल्यासुद्धा. बारशाला बाळाच्या तळव्यावर मेंदीचा ठिपका नको, मेंदीनेही पेशी फुटल्याच्या घटना आहेत. औषधांत मलेरियाचं प्रायमाक्विन, डॅप्सोन, लघवीच्या जंतुसंसर्गाचं नायट्रोफ्युरँटॉइन ही ठळक नावं. वहिनी पाजतायत, तेव्हा त्यांनीही गोळी घेण्याआधी विचारावं. नेहमीच्या मात्रेतलं पॅरासिटामॉल चालतं. खाण्यात खरा शत्रू एकच, बाकला (इंग्रजीत फावा बीन), आणि तो पाजणाऱ्या आईनेही टाळायचा. आपल्याकडे घाबरून सगळ्या शेंगा बंद करतात, पण कोरेगावचा वाघ्या घेवडा म्हणजे राजम्याच्या जातीतला, बाकला नव्हे. आमच्याकडे आठवड्याला शिजतो.

हे एक्स गुणसूत्रावरून येतं, मुलाला आईकडून. वहिनींच्या भावालाही लहानपणी कडक कावीळ झाली होती म्हणालात, तर धागा बहुधा तिथलाच. यात वहिनींचा दोष शून्य, हे सासूबाईंना तुम्हीच सांगा, त्यांनी सांगण्यात अर्थ नाही. वहिनींची बहीण गरोदर असेल तर तिच्या डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला. आपल्या देशात सापडणाऱ्या एका प्रकाराचं नावच केरळ-कल्याण आहे, तेव्हा असलं काही आपल्यात नसतं म्हणणाऱ्यांना तेवढं पुरे.

कमतरता असूनही रिपोर्टात न दिसणं, असं उलटही होतं बरं का. पेशी फुटत असताना तपासणी केली तर उरलेल्या कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त असल्यामुळे रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. म्हणून वहिनींच्या भावाने तब्येत ठीक असतानाच तपासून घ्यावं.

उद्या सकाळचा आकडा आला की इथे लिहा, किती वाजता रक्त घेतलं तेही.