वाचक विचारतात: ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षाच का?

प्रश्न: सर, मी दहावीला आहे. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक हे तिन्ही अलंकार मला सेमच वाटतात. क्लासमध्ये शब्दांची लिस्ट दिलीय, ‘सारखा, जसा’ आलं की उपमा, ‘जणू, वाटे’ आलं की उत्प्रेक्षा. तरी टेस्टला मार्क जातात. (विद्यार्थिनी, यावल)

उत्तर: बेटा, लिस्ट पाठ असू दे पण तिच्यावर सगळा भरवसा ठेवू नको. ‘जसा पाऊस आला तसे आम्ही पळालो’, यात जसा आहे पण उपमा कुठाय? ‘मला घरी जावंसं वाटे’ यात उत्प्रेक्षा नाही. आधी शोधायचं की दोन वेगळ्या वस्तू शेजारी आणल्यात का, आणि मग त्या एकमेकींच्या किती जवळ आल्यात.

तुमच्याकडे केळीचे बाग आहेत ना, तेच घे. ‘केळीचं पान हत्तीच्या कानासारखं रुंद’ म्हटलं की पान वेगळं, कान वेगळा, फक्त साम्य दाखवलं, ही उपमा. पान म्हणजे उपमेय, कान उपमान, ‘सारखं’ हा साम्यवाचक शब्द आणि रुंदी हा साधारण धर्म, म्हणजे दोघांतला सारखा गुण. ‘केळीचं पान जणू हत्तीचा कानच’ म्हणजे कल्पना केली, दोन्ही एकच असावेत असं वाटलं, ती उत्प्रेक्षा. आणि ‘केळीचं पान हा हत्तीचा कानच’ म्हणून टाकलं की फरकच मिटला, रूपक झालं. जाता जाता, ‘पान कसलं, हा तर हत्तीचा कान’ असं पानच नाकारलं की अपन्हुती आणि ‘हत्तीच्या कानाहून रुंद’ असं पान वरचढ ठरवलं की व्यतिरेक, एकाच पानावर पाच अलंकार झाले बघ.

आता बहिणाबाई. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ ही उपमा, हे सगळे बरोबर लिहितात, पण साधारण धर्म विचारला की पेपरात जागा कोरी. तो पुढच्या ओळीत आहे, आधी हाताला चटके आणि मग भाकर. तव्याशी रोज हात भाजलेल्या बाईलाच ही उपमा सुचणार, म्हणून ती मला इतकी मोठी वाटते. ‘मन वढाय वढाय, उभ्या पीकातलं ढोर’ इथं जसा नाही, जणू नाही, मनच ढोर झालंय, म्हणून रूपक.

प्रश्न: माझी मुलगी बहिणाबाईंसारखं अहिराणीत लिहायला बघते. ‘माय म्हने पोरी ऊठ, झाली कवाची सकाय, चुल्हीवर ऊतू गेलं दूध, तुले नीज कशी माय’. तिसरी ओळ म्हणताना अडखळायला होतं, काय चुकलं? (एक आई, भुसावळ)

उत्तर: ताई, पोरीचा कान चांगला आहे हो. आधी एक सांगतो, बहिणाबाईंची बोली अहिराणी नाही, लेवा गणबोली आहे, दोन्ही खान्देशातल्याच पण वेगळ्या. असोद्यात १८८० ला जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, कविता पुस्तकात आल्या त्या १९५२ ला, त्या गेल्यावर वर्षभरानं. तरी त्यांच्या ओळीतल्या अक्षरांची संख्या चुकत नाही, कारण ती कानानं मोजलेली.

‘अ-रे-सं-सा-र-सं-सा-र’, आठ. ‘ज-सा-त-वा-चु-ल्ह्या-व-र’, परत आठ. जोडाक्षर एकच धरायचं, पोरं ‘ल्ह्या’ची दोन-तीन मोजतात आणि तिथंच गडबड होते. ऱ्हस्व-दीर्घ इथं बघायचं नाही, ते मात्रावृत्तात आणि अक्षरगणवृत्तात, हा अक्षरछंद आहे, नुसती अक्षरं मोजायची.

मुलीच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या ओळीत आठ-आठच आहेत, ‘सकाय’ला ‘माय’ हे यमकही पक्कं बसलंय. तिसरीत मात्र दहा झालीत. ‘दूध ऊतू चुल्हीवर’ असं करून बघा, आठ होतील. पण मोजून तुम्ही देऊ नका, तिला टाळी वाजवत चारी ओळी म्हणायला लावा, कुठं अडतं ते तिचं तिलाच कळेल.