बांधावरची भोकं बुजवू नका, आधी हे वाचा

नमस्कार मंडळी, या आठवड्यात दोन प्रश्न आले आणि दोघांचं उत्तर एकाच ठिकाणी जातंय म्हणून एकत्रच लिहितो. एका दादांनी विचारलंय, बांधाच्या कोरड्या मातीत पेन्सिल जाईल एवढी भोकं पडलीत, माश्या आतबाहेर करतायत, औषध ओतू का? आणि एका ताईंच्या लाल भोपळ्याला मादी फुलं भरपूर आहेत पण कोवळं फळ पिवळं पडून गळतंय, सकाळी सातला फवारणी चालू आहेच, आता कुठलं टॉनिक मारू?

दादा, काही ओतू नका. या पोळंवाल्या नाहीत, एकेकट्या राहणाऱ्या रानमाश्या आहेत. जगात मधमाश्यांच्या 20,000 च्या वर जाती आहेत, त्यातल्या बहुतेक अशाच, आणि बऱ्याचशा जमिनीतच बीळ करतात. पोळं राखायचं नसतं त्यामुळे अंगावर धावून येत नाहीत. सकाळी दहा मिनिटं तिथे उकिडवं बसून बघा, मागचे पाय परागाने पिवळेधमक झालेली मादी येते, जरा घुटमळते आणि सुळकन आत शिरते. आत ती परागाची मऊ गोळी करते, त्यावर एकच अंडं घालते, कप्पा बंद करते, मग पुढचा कप्पा. आयुष्यभरात अंडी थोडीच, म्हणून बांध एकदा उकरला की पुढची पिढीच गेली. फवारणीवर सगळे बोलतात हो, पण नांगर, रोटाव्हेटर आणि बांधावरचं तणनाशक यांनी किती माश्या जातात ते कुणाच्या डोळ्यांना दिसतच नाही.

आता ताई. माशीने नर फुलातला पराग मादी फुलात नेला नाही तर कोवळं फळ असंच पिवळं पडून गळतं. भोपळ्याचं फूल पहाटे उघडतं आणि दुपारच्या आत मिटतं, सातला फवारलं म्हणजे बरोबर माशीच्या कामाच्या वेळेत. करायचीच असेल तर फुलं मिटल्यावर, संध्याकाळी करा, आणि एकाच टाकीत कीटकनाशक आणि बुरशीनाशक मिसळायची सवय सोडा, काही जोड्या माशीला जास्तच घातक ठरतात. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषलं जाणारं कीटकनाशक असेल तर नुसती वेळ बदलून भागत नाही, ते झाडातून परागात आणि मधुरसात उतरतं. युरोपियन युनियनने 2018 मध्ये उघड्या शेतात त्याचा वापर बंद केला तो यामुळेच.

पाळीव मधमाशीच्या पेट्या आणल्या की झालं, असं बरेच जण म्हणतात. भोपळ्याला मदत होईल, पण टोमॅटो, वांग्याच्या फुलातला पराग थरथरवून पाडावा लागतो, ते भुंग्याला जमतं, पेटीतल्या माशीला नाही. शिवाय फुलं कमी असतील तर या पेट्यांतल्या माश्या रानमाश्यांच्या तोंडचं खातात आणि रोगही देतात.

ताई, उद्या सकाळी एक करा. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, आतला दांडा चार-पाच मादी फुलांच्या मध्यभागी हलका फिरवा, देठाला दोरा बांधून खूण ठेवा. तेवढीच फळं धरली आणि बाकीची गळली तर टंचाई माश्यांचीच आहे, टॉनिकचे पैसे वाचवा. आणि दादांसारखी भोकं तुमच्याही बांधावर आहेत का, तेही बघून कळवा.