नववी गाय की आठ गाईंची पेंड?

सांगोला तालुक्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, पुढील महिन्यात हाती येणाऱ्या १ लाख रुपयांच्या मुदत ठेवीतून ८५,००० रुपयांची नववी संकरित गाय घ्यावी, असा यजमानांचा आग्रह आहे. त्यांना स्वतःला मात्र गोठ्यातील काही गाई खंगलेल्या दिसत असल्याने आठही गाईंना रोज दीड किलो गोळी पेंड वाढवावीशी वाटते.

आपले निदान बरोबर आहे, उपाय मात्र सरसकट आहे. पत्रातील ३२ रुपये किलो या दराने आठ गाईंची वाढीव पेंड तीन महिन्यांत ३४,५६० रुपये खाईल आणि त्यातील निम्मी ज्यांना गरज नाही अशा गाईंच्या पोटात जाईल. पशुवैद्यक १ (अगदी हडकुळी) ते ५ (फार लठ्ठ) असे अंगलटीचे गुण देतात. गाईच्या मागे उभे राहून शेपटीच्या बुडाशी पडलेला खड्डा, कमरेची हाडे आणि बरगड्या हाताने चाचपल्या की अंदाज येतो. विताना गाय साधारण ३ ते ३.५ गुणांची असावी. आपल्या वर्णनावरून विऊन सत्तर दिवस झालेल्या दोन आणि सहाव्या महिन्यातील दोन गाभण गाई याखाली आहेत, तिघी ठीक आहेत, तर विऊन सातवा महिना चालू असलेली एक जास्तच भरली आहे.

पेंड या खंगलेल्या चौघींनाच वाढवा, तीही दर तीन-चार दिवसांनी अर्धा किलो अशी, दीड किलोपर्यंत. एकदम खुराक वाढवला तर पोट आंबते, दुधाचे फॅट उतरते आणि दहा दिवसांच्या बिलात दर कापला जातो. त्याआधी जंतनाशकाबाबत डॉक्टरांना विचारा, कारण जंतांना पेंड चारण्यात अर्थ नाही. भरलेल्या गाईचा खुराक ती दुधात आहे तोवरच दीड किलोने उतरवा. आटवल्यानंतर तिला उपाशी ठेवून वाळवणे यकृताच्या विकाराला निमंत्रण ठरते. चौघींचे तीन महिन्यांचे १७,२८० रुपये होतात, त्यातून या गाईच्या दोन महिन्यांच्या पेंडीचे २,८८० वजा केले की खर्च १४,४०० वर येतो.

या खर्चाची परतफेड लगेच दुधात शोधू नका. खंगलेली गाय वेळेवर माजावर येत नाही, आणि हुकलेला प्रत्येक माज म्हणजे एकवीस दिवसांनी लांबलेले वेत. भाकड गाईवर आपण रोज दीडशे रुपये धरता, त्या हिशेबाने एका हुकलेल्या माजाचे ३,१५० रुपये होतात. दोन गाईंचे दोन-दोन माज वाचले तरी जवळपास सगळी रक्कम निघते. गाभण दोघींचा लाभ त्या विऊन पुन्हा माजावर येतील तेव्हा दिसेल.

पैसा कोठून आणायचा, हा खरा प्रश्न. पशुपालनाचे किसान क्रेडिट कार्ड खेळत्या भांडवलासाठी असते, म्हणजे पेंड, चारा, औषधपाणी यासाठी. त्यावर २ लाखांपर्यंत वेळेवर फेड करणाऱ्यास व्याज ४ टक्के पडते. ठेवीवर याहून जास्त व्याज मिळत असेल, तर ठेव तशीच पुढे चालू ठेवून पेंड कार्डावर घेणे शहाणपणाचे. मात्र फेडीची तारीख चुकली की सवलत जाते, म्हणून दुधाच्या प्रत्येक बिलातून ठरावीक रक्कम वेगळी काढावी.

यजमानांचे म्हणणे मी मोडीत काढत नाही. चारा पुरत असेल तर नववी गाय परवडू शकते. पण हे कार्ड गाय विकत घेण्यासाठी नाही, आणि ठेव मोडून ती आणली तर आजारपणाला किंवा उन्हाळी कडब्याला हाताशी काही उरणार नाही. विलेल्या दोघींचे रेतन होऊन गाभण तपासणीत त्या पक्क्या गाभण निघाल्या, की गाय घेण्याचा हिशेब आपण पुन्हा मांडू.