शिक्षा कमी करून मागताना

अशिलाची शिक्षा कमी व्हावी म्हणून हायकोर्टात अपील करायचंय, तर खालच्या कोर्टाचं निकालपत्र हातात आलं की आधी शेवटची पानं वाच. शिक्षेबाबत आरोपीला काय म्हणायचंय ते तिथे असतं आणि बहुतेकदा चार ओळींत उरकलेलं असतं. वय, पहिलाच गुन्हा, घरची जबाबदारी हे नोंदवलं, पण त्याचा विचार कुठेच दिसत नाही? मग तुझा मुद्दा तिथेच आहे. नुसतं 'शिक्षा फार झाली' म्हटल्याने हायकोर्ट हात घालत नाही.

कलमात किमान शिक्षा ठरलेली असेल तर हायकोर्टही सहसा त्याखाली उतरत नाही. तिथे दोषसिद्धीवरच, म्हणजे आरोपी दोषी ठरलाच कसा यावरच भांडावं लागेल.

सेशन्स कोर्टाच्या निकालावर अपिलाची मुदत 60 दिवसांची. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. अपिलासोबतच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 430 खाली शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज लाव. अपील वर्षानुवर्षं पडून राहतं, अशील तोवर आत.

'शिक्षा वाढली तर?' हे घरचे विचारतीलच. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात ती वाढवता येत नाही. सरकारने वाढीसाठी वेगळं अपील केलंय का, तेवढं मात्र तपासून ठेव.